गार पाय

लग्नाला आठ दिवस उरले होते, आणि सकाळी पावणेसहाला मंजुश्रीच्या मोबाईलवर गोकुळचा मेसेज आला. ‘टुडे आय हॅव व्हेरी कोल्ड फीट.’

तिने तो दोनदा वाचला आणि कॉटवर मटकन बसली.

बुलढाण्यात स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये ती इंग्रजी शिकवायची. इंग्रजी वाक्प्रचार हा तिचा हातखंडा. नुसता अर्थ सांगून ती थांबत नसे. कुठला जहाजावरून आला, कुठला बाजारातून, हेही रंगवून सांगे. ‘कोल्ड फीट’ तर मागच्याच आठवड्यात झाला होता. "थंडीनं पाय गोठलेला शिपाई लढाईतून मागं सरतो, त्यावरून आला म्हणतात. नक्की कोणालाच ठाऊक नाही. अर्थ लिहून घ्या. ऐन वेळी अवसान गळणं. उदाहरणार्थ, बोहल्यावर चढायच्या आधी नवरदेवाचं." पोरं फिदीफिदी हसली होती. तीही हसली होती.

"काय झालं मंजू?" गुलाबरावांनी लेकीपुढे चहा ठेवत विचारलं.

"गोकुळचे पाय गार पडले, बाबा."

"पडतीनच. थंडी काय कमी हाय? मोजे घाल म्हना त्याले."

"तसं नसते ते! इंग्रजीत त्याचा अर्थ, माणूस भेला. त्याले लग्न नाही करायचं."

गुलाबरावांचा चेहरा उतरला. पत्रिका वाटून झाल्या होत्या. ‘एवढी शिकलेली पोरगी शेतकऱ्याच्या घरी देता?’ असं साऱ्या नात्यागोत्यानं विचारून झालं होतं. प्रत्येकाला मंजुश्रीनंच ठणकावून उत्तर दिलं होतं, की मुलगा बी.एस्सी. आहे, सरळ आहे, शेती आवडीनं करतो, आणि मला तोच पाहिजे. आणि आता त्यानंच माघार घ्यावी?

"फोन तं करून पाहाय."

"नाही. तोंडावर विचारते."

चिखलीला गाडी बदलून बापलेक हिवरा आश्रमच्या अलीकडे, गोकुळच्या गावाला उतरले. रस्ताभर मंजुश्री मनात वाक्यं जुळवत होती. त्यातलं एकही विनवणीचं नव्हतं. रडू येईल म्हणून तिनं रुमाल हातात धरून ठेवला होता. रडू काही आलं नाही.

गोकुळ शेतातच होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात फावडं, पाय घोटाभर पाण्यात. गव्हाला पाणी देणं चालू होतं. होणारे सासरे आणि नवरी बांधावर उभे बघून तो गडबडला आणि फावडं टाकून तसाच धावत आला.

"मामा, तुम्ही? घरी सगळं बरं हाय ना?"

मंजुश्रीनं मोबाईल त्याच्यापुढे धरला. "तुम्हाले लग्न करायचं नसन, तं सरळ सांगा. असं इंग्रजीच्या आडून नाही."

गोकुळनं मेसेज वाचला. मग तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे. ते पांढरे फटक पडले होते, बोटांवर सुरकुत्या आल्या होत्या.

"मोटारीची लाईन पहाटे चारले येते, मॅडम. तवापासून पाण्यात हाय. बर्फावानी पाणी. पाय गार पडले, म्हणून लेहलं. तुम्ही इंग्रजीच्या, म्हणून इंग्रजीत लेहलं. चुकलं का काही?"

गुलाबराव बांधावर बसून खोकला येईपर्यंत हसले. "म्या सकाळीच सांगतलं होतं!" असं म्हणत त्यांनी डोळे पुसले, आणि गहू पाहायचं निमित्त करून ते पार बांधाच्या टोकाला निघून गेले.

मंजुश्रीचे कान तापले. तिनं मान खाली घालून गोकुळला त्या शब्दांचा दुसरा अर्थ सांगितला. शिपायाची गोष्ट मात्र गाळली.

गोकुळ हसला नाही. "एक सांगा," तो हळूच म्हणाला. "असं मनात आलं, तं एक फोन काऊन नाही केला?"

त्याचं उत्तर तिनं गाडीत जुळवलं नव्हतं. मग खरं होतं तेच तिनं सांगितलं. "तुम्ही फोनवर ‘तसं काही नाही’ म्हटलं असतं, तं लग्न करणंच आलं असतं... मेसेज वाचल्यावर मले घडीभर सुटल्यावानी वाटलं. लोकायसमोर मोठ्या तोंडानं बोलले मी. पण महिना झाला, धड झोप नाही. तुमचं गाव, तुमचं घर, जमन का नाही जमन. भेव तुम्हाले नाही, मलेच वाटून राह्यलं."

आता हा फावडं उचलून पाठ फिरवेल, असं तिला वाटलं. गोकुळ जागचा हलला नाही. त्यानं पायावरचा चिखल काडीनं खरवडला. मग तिच्याकडे बघून ओशाळं हसला.

"भेव मले बी लय वाटते, मॅडम," तो म्हणाला. "पण त्याले इंग्रजीत काय म्हणतात, तेच माहीत नव्हतं."