ढब्बूची शिकवणी

आप्पा गेले, तरी बेल वाजली की ढब्बू त्यांच्या रिकाम्या खाटेशी जाऊन भुंकत सुटायचा. सुरतच्या गोडादऱ्यातली सगळी गल्ली वैतागली, तेव्हा आप्पांच्या लेकीने, सुवर्णाने, घरोघर जाऊन कुत्र्यांना शिकवणाऱ्या जिग्नेशभाईंना बोलावलं.

"मारायचं नाही, ओरडायचं नाही, बेन. चूप राहिला की लगेच बिस्किट."

दहाव्या दिवशी त्यांनी बाहेरून बेल वाजवली. ढब्बू जागचा हलला नाही.

"अरे वा, शिकला! द्या बिस्किट. पण खाटेपाशी भुंकायचं याला शिकवलं कोणी?"

"कोणीच नाही. कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात आप्पांचे कान गेले होते. दारात कोणी आलं की हाच त्यांना उठवायचा."

तिने बिस्किट पुढे केलं. ढब्बूने ते आनंदाने खाल्लं.

आप्पा गेले हे न पटलेली आता घरात ती एकटीच उरली.