व्हर्नाबाईंचं पिंप

"पिंप परत पाठवा, आमचे हे अजून त्यात आहेत," असं केंटकीहून व्हर्नाबाईंनी लिहिलं होतं. त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं घडवलेल्या त्या व्हिस्कीच्या पिंपात, ते विकत आणून, बिअर बनवणाऱ्या गेरिटनं काळी स्टाउट बिअर मुरत घातली होती. उत्तर मात्र त्यानं वर्षभर दिलं नव्हतं.

आज चव बघण्यासाठी त्यानं पिंपाच्या भोकात ठोकलेला खिळा उपटला. धार येण्याआधी पिंपानं भोकातून खोल श्वास ओढला.

गेरिट घोटभर प्यायला. अशी बिअर त्याला जन्मात जमली नव्हती.

"बाबा, ओतून टाका ती!" मुलगी यानेका किंचाळली.

"जरा वेगळी झाली की भिऊन आजवर ओततच आलोय. ही नाही ओतणार."

पिंपावरच कागद ठेवून त्यानं लिहिलं, "पिंप मिळणार नाही."

पाकीट घेऊन वळला, तर खाली दुसऱ्याच अक्षरात, ओल्या बिअरनं ओळ उमटली होती: "मीही येणार नाही."

गेरिटनं ती वाळू दिली, आणि पत्र टपालात टाकलं.