नानाजींनी टेप शोधला तेव्हा

तळेगावच्या शाळेतल्या कार्यक्रमात १९७८ साली म्हातारे ओमप्रकाशजी मंचावर मांडीवर गिटार आडवी ठेवून साथीशिवाय एकटेच वाजवत होते. पुढे बसलेल्या पेटीमास्तर नानाजींनी पाहिलं, की ओमप्रकाशजींच्या हातातली, तारांवर फिरवायची लोखंडी कांडी उचलली गेली, तरी सूर तसाच लांबत राहिला.

नानाजींचं डोकं फिरलं. लोक डोळे मिटून डोलत होते, आणि हा माणूस टेप लावून बसला होता.

ते तरातरा मंचावर चढले. "टेप कुठी लपवला? लोकायले काऊन फसवून राह्यले तुम्ही?"

ओमप्रकाशजींनी दोन्ही हात वर केले. सूर थांबला नाही.

संतापलेल्या नानाजींनी तारांवर तळवा दाबला. तारा जराही थरथरत नव्हत्या, तरी सूर चालूच होता.

"सकाळपासून हे थांबूनच नाई राह्यलं, मास्तर," ओमप्रकाशजी हळूच म्हणाले. "मी त नुसता हात फिरवून राह्यलो."