मॉरी झेलमनची साक्ष

मॉरी झेलमन दारात उभा होता, टोपी हातात घेऊन. मेरिट लॉफग्रेननं त्याला ‘आत ये’ म्हटलं नाही. नुसता बाजूला झाला.

“चोवीस वर्षांनी बोलावलंस,” मॉरी म्हणाला. “फ्रेझ्नोहून चार तास गाडी हाकत आलोय. पाणी तरी विचार.”

“आधी वाच. मग पाणी.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाडजूड पाकीट पडलं होतं. हल्ली जो मागेल त्याला सरकार त्याच्यावर ठेवलेली जुनी गुप्त फाइल देत होतं. मेरिटनं अर्ज केल्यावर चौदा महिन्यांनी, काल ती आली होती. त्यानं पाकीट फोडलंही नव्हतं.

शेगडीशी कॉफी करणारी त्याची बायको, कोरीन, मागे न वळता म्हणाली, “झालं गेलं, मेरिट. आता म्हातारपणी कशाला उकरून काढायचं?”

“मला याच्या तोंडून ऐकायचंय.”

त्रेपन्न साली मेरिट बत्तीस वर्षांचा होता आणि चौथ्या सिनेमात पहिल्यांदाच नायक झाला होता. रविवारी मॉरीच्या गॅरेजमध्ये सहा मित्र जमत, बिअर पीत आणि युनियनवरून, रशियावरून तावातावानं भांडत. मग हॉलिवूडमधले डावे हुडकायला चौकशी समिती आली. मॉरीला मंगळवारी बोलावलं, बंद दाराआड. पुढच्या सोमवारी मेरिटचा करार रद्द झाला. गॅरेजमध्ये तो काय काय बोलला, ते समितीच्या माणसानं त्याला जवळजवळ शब्दन् शब्द ऐकवलं. बाकीच्या चौघांचीही कामं गेली. पटकथा लिहिणाऱ्या मॉरीचा टाइपरायटर तेवढा खडखडत राहिला.

आठ वर्षं मेरिटनं लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवल्या. कोरीन दाताच्या डॉक्टरकडे नोकरी करून घर चालवत होती. मग टीव्हीनं त्याला उचललं. अकरा वर्षं तो दर गुरुवारी डॉक्टर हॅलोवे म्हणून घरोघरी पोचला. पहिल्याच वर्षी त्या मालिकेत लेखक म्हणून मॉरी आला, तेव्हा मेरिटनं निर्मात्याला सांगितलं, “तो किंवा मी.” का, तेही सांगितलं. गावभर झालं. त्यानंतर मॉरीला कुणी दारात उभं केलं नाही. तो फ्रेझ्नोला जाऊन बूट विकू लागला.

तिथून त्याची तीन पत्रं आली. कोरीननं ती वाचली आणि फाडली. “तुला नाही सोसायचं,” म्हणाली.

मॉरीनं चष्मा चढवला, पाकीट फोडलं.

“वरचं पान माझंच आहे. ऐक. ‘बैठकांना कोण कोण यायचं?’ झेलमन: ‘ते मी सांगणार नाही.’ ‘मेरिट लॉफग्रेन यायचा का?’ ‘ते मी सांगणार नाही.’ तेरा वेळा विचारलंय. तू मोज हवं तर.”

मेरिटनं पान ओढून घेतलं. दोनदा वाचलं. तो खुर्चीत बसला.

“पण तुझं लिखाण तर चालू होतं.”

“मेव्हण्याच्या नावावर. पडद्यावर माझं नाव कधी पाहिलंस का, गाढवा?”

“मॉरी, मी तुझं सगळं आयुष्य…”

“मी नावं दिली नाहीत, हेच तीन पत्रांत लिहिलं होतं. असो. आता पाणी दे.”

मेरिटनं स्वतः पेला भरला. “मग आमची नावं दिली कोणी?”

“साखर संपलीय,” कोरीन म्हणाली. “शेजारून घेऊन येते.” तिनं गॅस बंद केला आणि ती मागच्या दारानं गेली.

मॉरीनं पुढचं पान काढलं. ओठ हलवत काही ओळी वाचल्या आणि मध्येच थांबला. पान त्यानं टेबलावर पालथं ठेवलं.

“इथून पुढे सगळं काळं केलंय.”

“बघू.”

“काही नाही रे त्यात. तुझी बायको म्हणते तेच खरं. सोडून दे. चल, बाहेर कुठेतरी जेवू.”

“मॉरी, हात काढ.”

मॉरीनं हात काढला नाही. मेरिटनं पान खालून खेचलं. साक्ष देणाऱ्याच्या नावावर तेवढी काळी शाई फिरवली होती. खालचा मजकूर स्वच्छ होता:

‘बैठकांना मी स्वतः कधीच गेले नाही. पण तो झोपेत बोलतो, आणि मी जागी असते.’