दुर्बिणीतले स्थिर हात

भर दुपारी हेमांगीने गच्चीवरची दुर्बीण खाडीपलीकडच्या घराकडे वळवली. उन्हाने हवा थरथरत होती, पण दुर्बिणीतलं संगणकी दुरुस्तीचं गणित चित्रातली सगळी थरथर पुसून टाकत होतं. एकटे राहणारे बाबा ओटीवर जाळं शिवत होते. हात अगदी स्थिर.

तिने फोन लावला. "बाबा, हातांचा कंप थांबला की तुमच्या."

"औषध लागू पडलं गो बाय."

पण जाळ्याचं तेच भोक मघापासून बुजत नव्हतं. तिने दुरुस्तीचं बटण बंद केलं. माड, ओटी, बाबांचे हात, सगळंच थरथरू लागलं. त्यातली हवेची थरथर कुठली नि बाबांची कुठली, ते इथून कळणार नव्हतं.

"पुढच्या तरीने खाडी ओलांडून येतेय मी."

बाबांनी जाळं मांडीवर ठेवलं.

"ये. सुईत दोरा तेवढा भरून दे."