अध्यक्षांचं बटण

“नुसता बघायचा अधिकार? मग मी अध्यक्ष कसला?” मोकाशीकाकांनी विचारलं. वाचनालयाच्या सभासदांची यादी शलाकाने कॉम्प्युटरवर आणली होती आणि नाव काढायचा अधिकार एकट्या ग्रंथपालबाईंना ठेवला होता.

शलाकाने वाद घातला नाही. तिने अध्यक्षांच्या स्क्रीनवर ‘नाव काढा’ असं लाल बटण आणून दिलं. प्रोग्राममध्ये मात्र गुपचूप एक अट घातली, की त्यांनी काढलेलं नाव त्यांच्याच स्क्रीनवरून जाईल, मूळ यादीतून नाही.

पुढच्याच आठवड्यात पेपरातलं शब्दकोडं आधी कुणी सोडवायचं यावरून मोकाशींचं केळुसकरांशी वाजलं. चाळीस वर्षांची मैत्री, पण मोकाशींनी तिरीमिरीत बटण दाबलं. नाव गेलं. मग दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले, तर केळुसकर आरामात पुस्तक बदलून घेत होते आणि ग्रंथपालबाई त्यांची नोंद करत होत्या. मोकाशींनी आपली स्क्रीन पाहिली. तिथे केळुसकर नव्हते.

त्यांनी बाहेर जाऊन शलाकाला फोन लावला. तिने चाचरत खरं ते सांगून टाकलं. “चुकलंच माझं, काका. उद्या बटण खरं करून देते.”

“नको, आहे तसंच राहू दे,” मोकाशी हलक्या आवाजात म्हणाले. “केळुसकरला तेवढं परत आण. आणि कार्यवाहांनाही असलंच एक बटण देऊन टाक. सकाळीच त्यांचं नि माझं वाजलंय.”