महिन्याचा कचरा

कचरा निरीक्षक तोडकरांनी काटा दारातच मांडला. सिंधूताईंच्या घरचा कचरा याही महिन्यात ठरवून दिलेल्या वजनापेक्षा तीन किलो कमी भरला होता.

"साहेब, टाकण्यासारखं काही उरतच नाही. फाटलं की मी शिवते."

"तिथंच तर चुकतं, ताई. सगळेच शिवत बसले तर सिमेंटची भट्टी कशावर पेटायची? कोळसा संपून वीस वर्षं झाली."

बोलता बोलता त्यांनी खाटेवरची गोधडी ओढली. सासऱ्यांचं धोतर, आईचं लुगडं, लेकीची दुपटी, सगळं तिच्यात होतं आणि टाका न् टाका सिंधूताईंच्या हातचा होता. ती बरोबर तीन किलो भरली.

"थंडीचे दिवस आहेत हो," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कंपनीला कळतं ते." तोडकरांनी गाडीतून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेलं कोरं ब्लँकेट आणून त्यांच्या हातात ठेवलं. सिंधूताईंनी पिशवी फोडायला नख लावलं, तसे ते खेकसले,

"अहो, उघडता काय! पुढच्या महिन्यात हेच पिशवीसकट भट्टीत टाकायचंय. पांघरलं की झिजतं, मग वजन कमी भरतं."